पेमुतेरन प्रवाळ प्रकल्प

इंडोनेशियातील बाली बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील पेमुतेरन गावाने पर्यटनाच्या आधारे चालविलेला प्रवाळभित्तींच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प. स्फोटके व सायनाइड वापरून होणारी मासेमारी आणि १९९८ च्या सुमारास तापलेले समुद्रजल यांमुळे येथील प्रवाळांची मोठी हानी झाली (पहा : एल् निनो, प्रवाळभित्ती). २००० मध्ये वुल्फ हिल्बर्ट्झ व टॉम गोरो यांच्या ‘बायोरॉक’ पद्धतीने काम सुरू झाले. तीत लोखंडी सळ्यांचे सांगाडे उथळ समुद्रतळावर ठेवून त्यांतून कमी दाबाचा विद्युत् प्रवाह सोडतात. सांगाडा ऋणाग्र बनतो आणि पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या संयुगांचा पांढरा, टणक थर सळ्यांवर चढतो (पहा : विद्युत् विच्छेदन). तुटलेल्या जिवंत प्रवाळांचे तुकडे सळ्यांना तारेने बांधतात. ते या थरावर पकड घेऊन वाढतात. प्रवाह बंद पडल्यास थर चढणे थांबते, म्हणून देखभाल हाच प्रकल्पाचा कणा होय. गावाच्या परंपरागत रक्षकदलाच्या धर्तीवर नेमलेले ‘पेचालांग लाउत’ (सागरी रक्षक) बेकायदा मासेमारीवर पाळत ठेवतात. पाण्याखाली बुडी मारण्याच्या (डायव्हिंग) पर्यटनातून स्थानिकांना रोजगार मिळतो. प्रकल्प चालविणाऱ्या ‘कारांग लेस्तारी’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.