पेन्शन आणि संगत : जबलपूरचा धडा

शेतकरी वा कारागीर एखाद्या ठरावीक तारखेला म्हातारा होत नाही. सरकारी नोकर मात्र होतो. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ आणि १९९८ साली ६० केले. त्यानंतरच्या रिकाम्या वेळाचा विचार प्रशासनाने किती केला, हे पाहायला जबलपूरइतके चांगले शहर नाही.

१८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे असलेले हे शहर पुढे छावणी, रेल्वे आणि १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीमुळे नोकरदारांचे झाले. १८६१ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे ९५ वर्षे, जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. बदली होऊन मराठी माणूस येथे येई आणि रमे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली, आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. येथला मराठी माणूस जागेवरून न हलता परप्रांतीय झाला.

अशा वेळी वृद्धांना धरून ठेवले ते गोलबाजारच्या दत्तमंदिराने, गणेशोत्सवाने, भजन-कीर्तनाने, ग्वारीघाटावरील नर्मदास्नानाने आणि भेडाघाटच्या कोजागिरीने. यांतले काहीही कोणत्याही शासकीय योजनेत नव्हते. पेन्शन सरकारने दिली. संगत लोकांनी आपली आपण उभी केली.

आता कायदा पाहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील ‘कल्याण’ या शब्दाच्या व्याख्येत अन्न आणि आरोग्यसेवेबरोबर करमणूक केंद्रेही आहेत. पुढील कलमांत मात्र प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे आणि करमणुकीच्या साधनांचा उल्लेख आहे तो तेथील रहिवाशांपुरताच. निर्वाहासाठी न्यायाधिकरण आहे. एकटेपणाची तक्रार कोठे नोंदवावी? मुले पुण्या-बंगळुरास गेलेली, घर स्वतःचे, पेन्शन नियमित, आणि मराठीत बोलायला कोणी नाही, असा वृद्ध कायद्याच्या दृष्टीने सुखी ठरतो.

माझ्या मते येथे नवी इमारत बांधण्याची घाई नको. मंडळांच्या जुन्या वास्तूंना दुरुस्तीचे साहाय्य, चढायला सोपा जिना आणि संध्याकाळी घरी परतण्यासाठी बस एवढे मिळाले तरी पुष्कळ होईल. बृहन्महाराष्ट्रातील वाचकहो, आपापल्या गावच्या मंडळात सध्या किती वृद्ध येतात, आणि जे येईनासे झाले ते का, हे एकदा अवश्य पाहावे.