खर्चाचा आदेश (विद्यार्थी आंदोलनविषयक रिट याचिका)

हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाला दाव्याचा खर्च द्यावा, असा न्यायालयाचा आदेश. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ नुसार तो सहसा हरणाऱ्यावर पडतो. तसे न केल्यास न्यायाधीशांना कारणे लिहावी लागतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिका १९७६ च्या दुरुस्तीने संहितेच्या कार्यपद्धतीबाहेर राहिल्या, म्हणून तेथे खर्च न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. आंदोलक विद्यार्थ्यावर जबर खर्च लादल्यास पुढचा विद्यार्थी न्यायालयाची पायरीच चढणार नाही, हे त्या विवेकाने ओळखायला हवे.

अशा याचिकेत वेळही खर्ची पडतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका पीएचडी विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीतील मोर्चातील सहभाग हे त्यामागचे एक कारण. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतेच ठेवले. वर्ष मात्र गेलेच.

खर्चाच्या आदेशाआधी याचिकेचा स्वतःचा खर्चही असतो. उदाहरणार्थ, माथेरानच्या विद्यार्थ्याला रिटची दाद जवळच्या कर्जतच्या न्यायालयात मागता येत नाही; त्यासाठी मुंबईचे उच्च न्यायालय गाठावे लागते. माथेरानमधील मोटारबंदीमुळे दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीविना, पुढे नेरळहून लोकलने मुंबई. शिवाय वकिलाची फी, प्रतिज्ञापत्रे, झेरॉक्सचे गठ्ठे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती यांसारख्या गटांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अशा गटांबाहेरच्यांना उत्पन्नमर्यादा लागू असते.