राजीनामा न देता येणारी नोकरी

आम्हा आयटीवाल्यांच्या गप्पा फिरून फिरून तीनच विषयांवर येतात: अप्रेझल, नोटीस पिरियड आणि मॅनेजर. या तिन्हींत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. कंपनी आपल्याला काढू शकते आणि आपणही कंपनी सोडू शकतो. नोकरी म्हटली की एवढं आलंच! पण गावपातळीवरच्या सरकारी नोकरीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं की हे 'एवढं' आपल्याकडे फार उशिरा आलंय. कोल्हापूर संस्थानात त्यासाठी १९१८ साल उजाडावं लागलं.

कोडोली माझं आजोळ. पन्हाळा तालुका, वारणेचं खोरं, वारणानगरला अगदी खेटून. आज तिथं तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल अशी सरकारी माणसं आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोडोलीसारख्या कुठल्याही गावात सरकार म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि महार. पाटील वसुली आणि बंदोबस्त बघायचा, कुलकर्णी हिशेब लिहायचा. बाकीचं सगळं, म्हणजे निरोप पोचवणं, हद्दी दाखवणं, सारा भरायला लोकांना बोलावून आणणं, अंमलदार आला की त्याची सरबराई, हे महारांकडे.

तिघांच्याही कामाला म्हणायचं वतन. वतन म्हणजे पगार नाही, तर कामाच्या मोबदल्यात पिढ्यान् पिढ्या चालणारी जमीन आणि हक्क. बापामागे मुलगा. परीक्षा नाही, नेमणूक नाही, बदली तर नाहीच नाही.

आता हेच एचआरच्या नजरेतून बघा. कुलकर्ण्याचं दफ्तर बहुतेक त्याच्या घरीच. कुणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, सगळं त्या कागदांत, आणि गावात लिहिता-वाचता येणारा जवळपास तो एकटाच. म्हणजे कंपनीचा सगळा सोर्स कोड एकाच माणसाच्या घरी, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो रिटायर झाला की त्याचा मुलगा त्या खुर्चीत बसणार. अशा माणसाला कुठला मॅनेजर काय सांगणार? चांगले कुलकर्णी असतीलही, होतेच. पण चांगलं असणं सक्तीचं नव्हतं.

महारांचं वतन दिसायला त्याच कायद्यातलं, पण अगदी उलटं. जमिनीचा तुकडा साऱ्या वाड्यात मिळून, त्याचे वाटे पडून पडून हाती काहीच नाही. काम मात्र रात्री-अपरात्री, सणासुदीला, घरात कुणी आजारी असलं तरी. मुंबई इलाख्यात यासाठी १८७४ चा वतन कायदा होता. कामाचे तास ठरलेले नाहीत, कामाची यादी ठरलेली नाही. आपण ऑन-कॉल ड्युटीच्या नावानं खडे फोडतो, पण आपला रोस्टर असतो आणि राजीनाम्याचं बटण असतं. इथं दोन्ही नव्हतं.

म्हणजे कुलकर्ण्याला काढता येत नव्हतं आणि महाराला सुटता येत नव्हतं. एकाच पद्धतीची ही दोन टोकं.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ जागा होत्या. त्यातल्या ६० ब्राह्मणांकडे. २६ जुलै १९०२ चा त्यांचा हुकूम सगळ्यांना माहीत असतो: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. त्या हुकुमाच्या शेवटची ओळ मात्र फारसं कुणी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा! नुसतं टार्गेट जाहीर करून महाराज थांबले नाहीत, क्वार्टर्ली रिपोर्टिंगही लावलं. १९१२ पर्यंत जागा झाल्या ९५ आणि त्यात ब्राह्मण ३५. चांगल्या हेतूचे सर्क्युलर कसे मेलबॉक्समध्ये मरतात हे आपण रोज बघतो, म्हणून मला त्या ओळीचं फार अप्रूप वाटतं.

पण इथंच खरी मेख आहे. हुकूम 'रिकाम्या' जागांसाठी होता. कोल्हापूरच्या कचेरीत जागा रिकामी होते, गावच्या चावडीत होतच नाही, कारण तिथं बापाच्या जागी मुलगा आधीच बसलेला. म्हणजे राजधानीत धोरण बदललं तरी शेतकऱ्याला रोज भेटणारं सरकार जुनंच. माझ्या मते १९१८ चे निर्णय समजून घ्यायची किल्ली ही आहे.

त्या वर्षी महाराजांनी कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. पगारी तलाठी ही कल्पना नवी नव्हती, गुजरातेत ती आधीपासून होती. महाराजांनी त्यासाठी ब्राह्मणेतर आणि अस्पृश्य समाजातल्या मुलांना शिकवून तयार केलं आणि नेमलं. ज्या माणसाला चावडीची पायरी चढू देत नव्हते, त्याच्या पुढ्यात आता गावाचा हिशेब! कुलकर्ण्यांनी अर्थातच जोरदार विरोध केला. त्यांच्या बाजूनं बघितलं तर पिढीजात मिळकतच जात होती. पण नोकरी ही मिळकत असू शकते का, हाच तर प्रश्न होता.

त्याच साली महार वतनंही रद्द झाली. जमिनी रयतावा केल्या, म्हणजे कसणाऱ्याच्या नावावर, नेहमीचा सारा भरायचा आणि सक्तीची चाकरी संपली. एका टोकाला हक्क गेला, दुसऱ्या टोकाला साखळी.

सगळंच मिटलं असं मात्र नाही. पाटीलकी वंशपरंपरेनं चालूच राहिली. संस्थानाबाहेर तर वतनाचा फास तसाच होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक आणलं. कामं ठरवून द्या, मोबदला नीट द्या आणि ज्याला सुटायचं त्याला सुटू द्या, असा त्याचा रोख. १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं संपवायला १९५८ आणि महसुली पाटीलकी संपायला १९६२ उजाडलं. कोल्हापूरनंतर चार दशकं!

आज वतन नाही. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तो परीक्षा देऊन येतो, त्याची बदली होते, तो निलंबित होऊ शकतो आणि संपावरही जाऊ शकतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले तेव्हा आपल्यापैकी बरेच जण वैतागले होते. दाखले अडकले, कामं अडली. वैताग खरा होता. पण वतनदार महाराला संप करता येत नव्हता, हेही खरं.

आणि कोतवाल? जुन्या वतनदाराचं गावकाम पुढे त्याच्याकडे आलं. त्याला मिळतं ते मानधन. चतुर्थ श्रेणीच्या दर्जासाठी कोतवालांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. मानधन हा शब्द मला कायम खटकतो. मान द्यायचा आणि धन द्यायचं टाळायचं, अशातला तो प्रकार. अंगणवाडी सेविका, आशाताई, ठिकठिकाणचे कंत्राटी कर्मचारी, सगळ्यांच्या बाबतीत सरकारचं हे जुनं कसब दिसतं: काम नोकराचं घ्यायचं, पण त्याला नोकर म्हणायचं नाही.

पुढच्या वेळी सातबारा डाउनलोड कराल तेव्हा खालची डिजिटल सही बघा. हे दफ्तर आता कुणाच्या घरी नाही. गावात निरोप घेऊन फिरणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र अजून पुरता मिटलेला नाही.