जवारी

तंबोरा, सतार इत्यादी तंतुवाद्यांच्या घोडीच्या रुंद व किंचित बहिर्वक्र पृष्ठभागास, तसेच त्याच्या योगे तारेस लाभणाऱ्या गुंजनयुक्त नादास, ही संज्ञा आहे. स्वराची तारता मुख्यत्वे मूळ कंपनाच्या कंप्रतेवर अवलंबून असते. परंतु समान तारतेचे दोन स्वर कानास भिन्न भासतात, ते बव्हंशी त्यांतील उपस्वरांच्या न्यूनाधिक प्राबल्यामुळे, आणि यालाच नादगुण म्हणतात. १०० हर्ट्‌झच्या स्वरात २००, ३००, ४०० हर्ट्‌झचे उपस्वर अंतर्भूत असू शकतात. तंबोऱ्याची तार कंप पावताना घोडीच्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करीत असल्यामुळे उच्च उपस्वर उद्दीपित होतात. तारेखालचा सुताचा धागा मागेपुढे सरकवून गायक हा स्पर्श नेमका बेततो आणि तारता न बदलताही नाद खुलतो. ज्या बिंदूस तार छेडावी, तेथे निस्पंद असणारे उपस्वर उमटत नाहीत, हा यंग यांचा नियम या वाद्यास लागू पडत नाही, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले. जवारी साधण्याच्या कसबाबद्दल मिरजेच्या कारागिरांचा लौकिक आहे. वापराने घोडीवर तारेच्या खाचा पडल्या, की ती कानशीने घासून पूर्ववत करावी लागते.