गळती रोखणाऱ्या पट्टीची गोष्ट

आमच्या न्हाणीघरात शॉवरभोवती काचेचे दार आहे. त्या दाराच्या खालच्या कडेला एक मऊ, पारदर्शक पट्टी बसवलेली असते. काही वर्षांत ती पिवळी पडली, कडक झाली आणि एका टोकाला तडकली. पाणी बाहेरच्या फरशीवर येऊ लागले. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आम्ही 'दाराचे रबर' मागितले. दुकानदारानेही 'कोणत्या मापाचे रबर?' असेच विचारले. माप घेतलेले नव्हते. अंदाजाने १० मिलिमीटर काचेची पट्टी आणली, ती सैल बसली. मग काच मोजली, ती ८ मिलिमीटर भरली. दुसरी पट्टी आणली आणि ती उलटी बसवली! तिची तिरपी पाकळी दाराच्या बाहेरच्या अंगाला आली आणि पाणी पूर्वीपेक्षा जास्त वाहू लागले. पाकळी शॉवरच्या बाजूला वळवल्यावर गळती थांबली.

प्रयोगशाळेत आयुष्य घालवणाऱ्यांना हे शोभणारे नव्हते. पण या फजितीतून दोन प्रश्न निघाले. पाकळीच्या दिशेने एवढा फरक का पडावा? आणि पट्टी झिजलेली नसतानाही केवळ कडक झाली म्हणून निकामी का व्हावी? या प्रश्नांची उत्तरे मिळायला यंत्रविद्येला बराच काळ लागला आहे.

सुरुवात चामड्यापासून करू. थॉमस न्यूकोमेनच्या १७१२ च्या वाफेच्या इंजिनात दट्ट्यावर चामड्याची चकती असे, आणि तिच्यावर पाण्याचा थर ठेवलेला असे. फटीतून हवा जाऊ नये म्हणून पाणीच पहारा करी. जेम्स वॉटला ही युक्ती वापरता येईना, कारण त्याला सिलिंडर सतत गरम ठेवायचा होता आणि वरचे पाणी तो थंड करी. त्याने चरबीत भिजवलेला ताग दट्ट्याभोवती ठासला. तरी सिलिंडरच पुरता गोल नसे, म्हणून वाफ निसटतच राही. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याचे नवे यंत्र केले. त्याच्या कारखान्यातून वॉटला नीट कोरलेले सिलिंडर मिळाले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. या काळातील विचार सरळ होता : फट आहे, ती घट्ट बुजवा.

हा विचार लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यात बदलला. ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी उडे. वेष्टन आवळले तर पाणी थांबे, पण दट्ट्याही अडके. यावरचा उपाय ब्रामाचा तरुण सहकारी हेन्री मॉड्स्ले याने काढला असे मानतात. त्याने चामड्याचे कडे इंग्रजी यू अक्षरासारखे दुमडले आणि उघडे तोंड पाण्याच्या बाजूला ठेवले. पाण्याचा दाब वाढला की कड्याच्या पाकळ्या फाकतात आणि दट्ट्यावर अधिकच घट्ट बसतात. दाब गेला की सैल होतात. जे पाणी निसटू पाहते, त्यालाच दाराशी उभे करायचे! मॉड्स्लेने पुढे आठवड्याच्या ३० शिलिंग पगारात वाढ मागितली, ती नाकारली गेली आणि १७९७ मध्ये तो बाहेर पडला. ब्रामाला ती कंजुषी महाग पडली असावी, असे आमचे मत आहे.

हे कडे वाचकांनी पाहिलेले आहे. सायकलच्या पंपातील चामड्याचा वायसर म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ. तो वाटीसारखा असतो; दांडा खाली दाबला की वाटीची कड फाकून नळीला चिकटते आणि वर ओढला की हवा कडेने आत येते. वायसर वाळला की पंप हवा मारीत नाही, मग आपण त्याला तेल पाजतो. वाटी उलटी बसवून पाहावी. आमच्या दाराचे जे झाले तेच पंपाचे होते. (आमच्या दारावर पाण्याचा दाब नगण्य असतो हे खरे, तेथे पाकळीचे काम मुख्यतः काचेवरून ओघळणारे पाणी आत वळवण्याचे. पण पाण्याकडे तोंड हवे, हा नियम दोन्हीकडे सारखाच.)

आता दुसरा प्रश्न. चामड्याला तेल लागते, कारण त्याचा लवचिकपणा उसना असतो. रबर जात्याच लवचिक. पण कच्चे रबर थंडीत ताठ होई आणि उन्हाळ्यात चिकट. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापवून हा दोष घालवला. त्याचे अमेरिकी पेटंट १८४४ चे. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने त्याचे नमुने पाहून गंधक ओळखले आणि १८४३ मध्येच तेथील पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयर १८६० मध्ये कर्जात वारला. गंधक काय करतो हे मात्र रेणूंच्या लांब साखळ्यांची कल्पना विसाव्या शतकात रुजल्यावरच कळले. रबराच्या साखळ्यांमध्ये गंधक जागोजागी पूल बांधतो. ताणले तर साखळ्या सरळ होतात, पण एकमेकींवरून घसरून जात नाहीत, आणि सोडताच पूर्वपदावर येतात. गळती रोखणे म्हणजे हे परत येणे होय. फटीत नुसते भरलेले द्रव्य फट जरा रुंदावली की हरते.

आमच्या पट्टीत मात्र बहुधा रबराचा अंशही नसतो. अशा पट्ट्या सामान्यतः पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी स्वभावाने ताठ; नळाचे पाइप पाहा. १९२६ मध्ये अमेरिकेत ॲक्रन येथे गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटवणारे द्रव्य शोधत होता. त्याने पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवले. हाती आलेली वस्तू चिकटेना, पण रबरासारखी वाकू लागली. द्रवाचे लहान रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सुटे ठेवतात. पुढे त्यातून रेनकोट आणि शॉवरचे पडदे झाले. पण हे रेणू साखळ्यांना बांधलेले नसतात. गरम पाणी, साबण आणि सफाईची द्रव्ये यांच्या संगतीत ते हळूहळू निघून जातात. म्हणजे ही पट्टीसुद्धा तेल वाळलेल्या वायसरासारखीच मरते.

परत येण्याला वेळही महत्त्वाचा, हे २८ जानेवारी १९८६ रोजी जगाला दिसले. चॅलेंजर यानाच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यांत सुमारे ७ मिलिमीटर जाडीची रबरी कडी होती. प्रज्वलन होताच सांधा किंचित उघडे. कड्याने सेकंदाच्या अंशात फुगून ती फट गाठावी अशी अपेक्षा होती. त्या सकाळी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. आदल्या रात्री रॉजर बॉइसजॉली आणि त्याच्या सहकारी अभियंत्यांनी थंडीत उड्डाण नको असे सांगितले होते; ते मानले गेले नाही. ७३ सेकंदांत यान नष्ट झाले. मृत सातजणांत ख्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळाशिक्षिका होती. ती अंतराळातून पाठ देणार होती आणि अमेरिकेतील कितीतरी वर्गांतली मुले दूरदर्शनसमोर बसलेली होती. पुढे चौकशी आयोगाच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर तुकडा लगेच मूळ आकारावर आला नाही.

हा प्रयोग वर्गात करता येतो. जुन्या आणि नव्या पट्टीचे सारखे तुकडे घ्यावेत, दुमडून कागदाच्या चिमट्यात अडकवावेत आणि दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. चिमटे सोडल्यावर कोणता तुकडा किती सेकंदांत सरळ होतो हे मुलांना घड्याळ लावून मोजू द्यावे. मग नव्या तुकड्यावर तोच प्रयोग कोमट पाण्यात करावा. जुना तुकडा दुमडतानाच मोडला, तर तेही वहीत लिहावे. आमचा मोडला होता.