कोबुर्ग, १८९४ : लग्नाच्या फोटोत मधोमध कोण बसते?

१/ लग्नघरातील ग्रुप फोटो म्हणजे एक छोटा दरबारच. खुर्चीवर कोण, मागे उभे कोण, पुढे जमिनीवर कोण, हे ठरले की घराण्याची उतरंड कागदावर उमटते. युरोपातील अशाच एका छायाचित्राची ही कथा.

२/ प्रारंभ २५ जानेवारी १८५८ रोजी. राणी व्हिक्टोरियाची थोरली कन्या व्हिकी हिचा प्रशियाच्या राजपुत्राशी विवाह होता. चॅपलकडे निघण्यापूर्वी वधू आणि तिचे आईवडील अशा तिघांचेच छायाचित्र घ्यायचे ठरले.

३/ तंत्र डॅगेरोटाइपचे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे आणि त्यासाठी काही सेकंद निश्चल राहावे लागे. राणीला कंप आवरेना. तशी कबुली तिने रोजनिशीत दिली आहे. प्रतिमेत तिचा चेहरा धूसरच राहिला.

४/ छत्तीस वर्षांनंतर, १९ एप्रिल १८९४ रोजी, कोबुर्ग येथे राणीची नात व्हिक्टोरिया मेलिटा आणि नातू अर्न्स्ट लुडविग यांचा विवाह झाला. आपल्या भाषेत, आते-मामे भावंडांचे लग्न. एव्हाना जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या होत्या. क्षणांशात चित्र टिपता येई, त्यामुळे मोठा गोतावळाही एका चौकटीत बसे.

५/ २१ एप्रिलला तो गोतावळा जमला. मांडणी पाहा. मधोमध वधू नाही, तर ७४ वर्षांची आजी! तिच्या एका बाजूस नातू, जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा. दुसऱ्या बाजूस विधवा सम्राज्ञी, म्हणजेच १८५८ची नववधू व्हिकी. विल्हेल्म तिचाच पुत्र. मायलेकांचे सख्य नव्हते. दोघांच्या मध्ये आजी बसली आहे.

६/ मागे रशियाचा युवराज निकोलस आणि वराची धाकटी बहीण ॲलिक्स. आदल्याच दिवशी त्यांचा वाङ्निश्चय झाला होता. ज्यांच्या लग्नासाठी सारे जमले, त्यांच्याऐवजी चर्चा या दोघांची सुरू झाली.

७/ पुढे काय घडले? ज्या जोडप्यासाठी हा मेळावा भरला, त्याचा १९०१ मध्ये घटस्फोट झाला. १९१४ मध्ये विल्हेल्म आणि निकोलस यांची साम्राज्ये परस्परांविरुद्ध युद्धात उतरली. जुलै १९१८ मध्ये निकोलस, ॲलिक्स आणि त्यांची मुले गोळ्यांना बळी पडली. त्याच नोव्हेंबरात विल्हेल्मचे सिंहासन गेले, वराची गादीही गेली.

८/ त्या दिवशी घराण्यात शब्द कोणाचा चालत होता, हे या मांडणीतून नेमके कळते. नाती किती टिकणार, हे मात्र कोणत्याच रांगेतून वाचता येत नाही.

९/ कोबुर्गच्या चित्रातील माणसांची नावे नोंदलेली आहेत, कारण ती राजघराण्यांतील होती. आपल्या आजीच्या लग्नातील मागच्या रांगेचे काय? सांगणारे माणूस हयात आहे तोवर तो फोटो काढा, एकेक चेहरा विचारा आणि मागच्या बाजूस पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहून ठेवा.