चष्म्याच्या काचेची कड : एका दुर्लक्षित यंत्राचा इतिहास आणि तालुक्याच्या गावातील निवडीचा प्रश्न (सिल्लोडच्या संदर्भात)

प्रस्तावना

चष्म्याच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे ते प्रामुख्याने भिंगाच्या पृष्ठभागाविषयीचे आहे. काच कोणी घासली, तिला वक्रता कोणी दिली, नंबर मोजण्याची पद्धत कोणी घातली, याची नोंद इतिहासकारांनी घेतली. परंतु घासून तयार झालेली गोल काच फ्रेमच्या आकाराची कशी होते, हा प्रश्न बहुधा कारागिराचा म्हणून बाजूला ठेवला गेला. वास्तविक चष्मा वापरणाऱ्याच्या दृष्टीने काचेचा नंबर जितका महत्त्वाचा, तितकीच ती काच फ्रेममध्ये कोणत्या जागी व कोणत्या कोनात बसली हेही महत्त्वाचे होय. हे काम ज्या यंत्रावर होते त्याला व्यवसायात ‘एजर’ म्हणतात आणि दुकानदारांच्या बोलीत या सगळ्या कामाला ‘फिटिंग’ असे सुटसुटीत नाव आहे. या यंत्राचा इतिहास आणि सिल्लोडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्याची निवड करताना उभे राहणारे प्रश्न यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उपलोचनापासून चाळिशीपर्यंत

युरोपात चष्म्याचा उगम तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा पद्धतशीर शोध घेण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे (१८९१–१९६१) यांच्याकडे जाते. विजयनगरच्या दरबारात मान असलेले माध्व आचार्य व्यासराय यांच्या सोमनाथकृत ‘व्यासयोगिचरित’ या चरित्रात ते डोळ्यांवर उपकरण लावून ग्रंथ वाचत असल्याचा उल्लेख आहे. हा प्रसंग १५२०च्या सुमाराचा ठरतो. पोर्तुगीज व विजयनगर यांच्यातील संपर्क लक्षात घेता ही वस्तू समुद्रमार्गे आली असावी, हा तर्क सयुक्तिक वाटतो. आचार्यांच्या वाट्याला जे आले ते सामान्य वाचकाच्या हाती येण्यास मात्र आणखी शतके जावी लागली.

मराठी भाषेने या वस्तूला दिलेली नावेच बोलकी आहेत. ‘चष्मा’ हा शब्द फारसीतील डोळा या अर्थाच्या ‘चश्म’वरून आला. ‘चाळिशी’ हा शब्द मात्र अस्सल अनुभवाचा आहे. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास जवळचे अक्षर धूसर होते, म्हणून वय, व्याधी आणि तिच्यावरील उपाय या तिन्हींना एकच नाव पडले. चाळिशीच्या या चष्म्याला कडेची अचूकता फारशी लागत नसे. दोन्ही डोळ्यांना सारख्याच बहिर्गोल काचा, त्याही गोल फ्रेममध्ये. अशी काच फ्रेममध्ये कशीही फिरली तरी दृष्टीत फरक पडत नाही. कारागिराने चिमट्याने काचेची कड कुरतडावी, फिरत्या दगडावर पाणी टाकत ती घासावी आणि चौकटीत बसवावी, इतकेच काम असे.

कोनाचा प्रश्न

या चित्रात मूलभूत बदल घडवला तो दृष्टिवैषम्याच्या उपचाराने. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी स्वतःच्या डाव्या डोळ्यातील दोष ओळखून १८२५च्या सुमारास इप्सविच येथील फुलर नावाच्या कारागिराकडून सिलिंडर प्रकारची काच करवून घेतली. सिलिंडर काचेची शक्ती एका विशिष्ट दिशेतच असते. म्हणून ती कोणत्या अंशावर बसवायची, हे नंबराइतकेच निर्णायक ठरते. कडेच्या कामाला खरे महत्त्व आले ते येथून, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८७२ मध्ये मोनोये यांनी डायॉप्टर हे एकक सुचविले आणि १८९० मध्ये चार्ल्स प्रेंटिस यांनी काचेचा मध्य बाहुलीसमोरून सरकल्यास किती प्रिझमदोष निर्माण होतो याचा नियम मांडला.

या नियमांचा अर्थ प्रत्यक्ष आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. चार डायॉप्टरची काच पाच मिलिमीटर सरकून बसली, तर दोन प्रिझम डायॉप्टरचा दोष येतो. सिलिंडरचा कोन पाच अंशांनी चुकला तर मूळ सिलिंडरच्या सुमारे १७ टक्के, दहा अंशांनी चुकला तर सुमारे ३५ टक्के दोष शिल्लक राहतो. तीस अंशांच्या चुकीत तर शिल्लक दोष मूळ दोषाइतकाच होतो, म्हणजे चष्मा लावणे न लावणे सारखेच. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी अचूक नंबर काढूनही रुग्णाचे डोके दुखते, आणि दोष डॉक्टरांना वा रुग्णाच्या ‘सवयीला’ दिला जातो. त्यामागे अनेकदा फिटिंगच्या टेबलावरील ही काही अंशांची चूक असू शकते.

यंत्राची घडण

विसाव्या शतकात फ्रेमचे आकार बदलत गेले. गोल काचेच्या जागी अंडाकृती, चौकोनी व पुढे नाना तऱ्हेच्या चौकटी आल्या, तेव्हा साच्यावर चालणारी यंत्रे रूढ झाली. फ्रेमच्या आकाराचा एक साचा यंत्राच्या आसावर बसवायचा, त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला काच धरायची आणि साचा फिरेल तशी काच घर्षणचक्रावर टेकत जाते, अशी ही रचना होती. किल्ली करणाऱ्याचे यंत्र जुन्या किल्लीवरून नवी किल्ली कापते, त्याच्याशी हिचे साम्य आहे.

घर्षणचक्राच्या बाबतीत निर्णायक घटना १९५५ मध्ये घडली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कृत्रिम हिरा तयार केल्याचे त्या वर्षी जाहीर केले. औद्योगिक हिऱ्याचे कण उपलब्ध होत गेल्यावर जुन्या दगडी चक्रांची जागा हिऱ्याचे कण बसविलेल्या चक्रांनी घेतली. याच काळात काचेचे द्रव्यही बदलत होते. ‘सीआर-३९’ हे प्लास्टिक १९४०च्या दशकात अमेरिकेत तयार झाले आणि १९४७ पासून त्याची चष्म्याची भिंगे होऊ लागली. त्यानंतर पॉलिकार्बोनेट आले. या प्रत्येक द्रव्याची चक्राकडून वेगळी मागणी असते. काच व सीआर-३९ पाण्याखाली कापले जातात. पॉलिकार्बोनेट मात्र पहिल्या टप्प्यात कोरडेच कापावे लागते आणि शेवटच्या टप्प्यात त्याला पाणी चालते. एकाच चक्रावर सर्व काही कापू पाहणाऱ्याच्या हाती जळकट, ओबडधोबड कड येते.

साच्याशिवाय चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आली. एक बारीक सळई फ्रेमच्या खाचेतून फिरून तिचा आकार मोजते आणि संगणक त्यावरून चक्र चालवतो. जपान, फ्रान्स व जर्मनी येथील उत्पादकांनी हे तंत्र पुढे नेले. भारतात १९९१पूर्वी आयातीवर परवान्यांचे कडक बंधन असल्याने परदेशी यंत्र मिळवणे सोपे नव्हते. त्यामुळे महानगरांबाहेर साच्याची व हाताची पद्धत दीर्घकाळ टिकून राहिली, यात आश्चर्य नाही.

सिल्लोड : वीज, पाणी आणि अंतर

सिल्लोड हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील, जळगावकडे जाणाऱ्या मार्गावरील तालुक्याचे गाव. कापूस, मका व मिरची यांच्या व्यापारामुळे येथील बाजारपेठ परिसरातील खेड्यांना जोडलेली आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमास आरंभ झाला. शस्त्रक्रिया व तपासणी शिबिरे वाढत गेली, तशी चष्म्याची मागणीही वाढली. शिबिराची मागणी एकदम येते हे येथे लक्षात घ्यावयास हवे. आठवडाभर रोज चार-सहा जोड्या कापणाऱ्या टेबलावर एका शाळातपासणीनंतर शंभर जोड्या येऊन पडतात.

यंत्राची ‘विश्वासार्हता’ ही संकल्पना या ठिकाणी तपासून घ्यावी लागते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात विश्वासार्हता म्हणजे मापाची अचूकता व कापण्याचा वेग. ते माप अखंड वीज, मऊ पाणी आणि जवळचा तंत्रज्ञ गृहीत धरून काढलेले असते. मराठवाड्यात या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. २००५ ते २०१२ या काळात ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे अनेक तास भारनियमन सोसले. काच अर्धी कापलेली असताना वीज गेली, तर काही यंत्रे पुन्हा त्याच बिंदूपासून काम सुरू करतात, काहींत ती काच वायाच जाते. खरेदीपूर्वी हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते. आज परिस्थिती सुधारली आहे, तथापि दाबातील चढउतार संगणकीय मंडलाला घातकच असतात, म्हणून स्थिरक व बॅटरी यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावयास हवा.

पाण्याचा मुद्दा अधिकच गंभीर आहे. नळाला थेट जोडलेले यंत्र पाणी वापरून सोडून देते, तर टाकीचे यंत्र तेच पाणी पुन्हा फिरवते. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील गावे टँकरवर जगली. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा प्रदेशात नळावरचे यंत्र घेणे अव्यवहार्य तर आहेच, शिवाय ते काहीसे अप्रशस्तही वाटते. टाकीच्या यंत्रालाही आपली पथ्ये आहेत. प्लास्टिकचा गाळ साचून दुर्गंधी येते, पंप तुंबतो आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत बसतात. गाळ काढण्याची व तो गटारात न सोडता टाकण्याची व्यवस्था पाहिल्याशिवाय यंत्र निवडू नये.

तिसरी गोष्ट अंतराची. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ६५ किलोमीटरवर, यंत्राचा तंत्रज्ञ मात्र बहुधा त्याहून कितीतरी दूर. चक्राला धार काढणे, मापांची जुळणी तपासणे, काच धरणारी पकड बदलणे ही कामे दुकानातील माणसाला करता येतील असे साधे यंत्र सर्वांत चपळ यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. हे म्हणणे जुन्याचा अभिमान म्हणून नाही. साच्याच्या यंत्रावर गुंतागुंतीच्या फ्रेमचे काम नीट होत नाही आणि कारागिराचा वेळही फार जातो. परंतु गर्दीच्या प्रयोगशाळेत एक महागडे यंत्र ठेवून ते बंद पडल्यावर हात बांधून बसण्यापेक्षा दोन मध्यम यंत्रे ठेवणे शहाणपणाचे, हे मत येथे नोंदवावेसे वाटते.

निवडीच्या वेळी आणखी एक कसोटी सहसा लावली जात नाही. आजच्या काचांवर पाणी व धूळ न चिकटणारा थर असतो. त्यामुळे त्या पकडीतही निसटतात आणि कापताना काही अंशांनी फिरतात. डोळ्याला ते दिसत नाही, लेन्सोमीटरवर दिसते. प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेता साधी काच कापून दाखवतो, तेव्हा मोठ्या सिलिंडरची, असा थर असलेली काच आपण न्यावी, लागोपाठ दहा-वीस जोड्या कापवून घ्याव्यात आणि शेवटच्या जोडीचा अंश व माप पहिलीशी ताडून पाहावे.

तयार चष्मा की कापलेली काच

या सर्व खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे, कारण चाळिशीचे तयार चष्मे आठवडी बाजारातही मिळतात. त्यांची उपयुक्तता नाकारता येणार नाही. आसामातील चहामळ्यांत चाळिशीवरील कामगारांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. कापूस वेचणाऱ्या, मिरची निवडणाऱ्या सिल्लोड परिसरातील स्त्रियांच्या कामाशी हे काम जवळचे आहे. मात्र तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्या असतात आणि सिलिंडर नसतो. दोन डोळ्यांचे नंबर भिन्न असणाऱ्यांना, दृष्टिवैषम्य असलेल्या शाळकरी मुलांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी काच कापावीच लागते.

ती कोठे कापावी, हा आताचा वाद आहे. २००७ मध्ये टायटनने व २०१० मध्ये लेन्सकार्टने या क्षेत्रात प्रवेश केल्यानंतर केंद्रीय कारखान्यात कापणी व दुकानात केवळ विक्री ही पद्धत देशभर पसरली. फ्रेमचा आकार दुकानातच मोजून ती माहिती दूरच्या प्रयोगशाळेस पाठवणे आणि कापलेली काच कुरिअरने मागवणे आता छोट्या गावासही शक्य आहे. यात वीज, पाणी व दुरुस्ती या तिन्ही चिंता दुसऱ्याच्या माथी जातात. पण बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस संध्याकाळच्या एसटीने परत जाणार असतो. चष्म्यासाठी दुसरी खेप म्हणजे आणखी एक बुडालेली मजुरी. शिवाय फ्रेममध्ये काच किंचित मोठी ठरली तर ती परत पाठवण्यात आणखी दिवस जातात. म्हणून काच बाहेरून मागवणाऱ्या दुकानातही कडेची धार हाताने मोडण्यासाठी आणि केसभर जास्त झालेली काच घासून घेण्यासाठी एक लहानसे हातयंत्र टेबलावर ठेवणे भाग पडते.